गोलाची जाळी

शेजारचा ढिवर माशांची जाळी विणायचा. हिवाळ्यात आमच्या गोंदियात रेल्वेच्या मैदानावर फुटबॉलचे सामने लागले की गोलाचीही विणायचा. "माही जाळी हत्तीलेबी फाटत नाई," हे रोज ऐकून मला वीट आला होता.

अंतिम सामना संपता संपता नागपूरवाल्यांचा चेंडू जाळीमागे पडला. पंच म्हणाला, खांबाबाहेरून गेला. एका गोलाने पुढे होतो; कप गोंदियाचा म्हणून लोक नाचू लागले. ढिवराने जाळीतल्या भोकात हात घालून दाखवला. "गोल झाला, साहेब. जाळी फाटली."

"काऊन बे, नागपूरवाल्याइनं जेवाले घातलं का?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"नाई जी. पन भोक तं हाय ना!"

पंचाने गोल दिला, बरोबरी झाली आणि पेनल्टीत कप गेला. मला तो माणूस तेव्हा आवडला. जाळी खांद्यावर टाकून, शिव्या देणाऱ्या गर्दीतूनच तो सरळ घरी आला.