आत कोणीही जाणार नाही

आमच्या घरात बोलणं ऐकलं जात नाही, मंजूर केलं जातं. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आणि कामगार संघटनेचे जुने कार्यकर्ते. आई शाळेत पोरांची खिचडी शिजवते आणि तसं काम करणाऱ्या बायकांची पुढारी आहे. घरात पुस्तकं कमी, पत्रकं फार. शाळेत बाकीची मुलं 'कमळ बघ' गिरवत होती तेव्हा मला 'निषेध' लिहिता येत होतं, धच्या गाठीसकट.

तर आदल्या संध्याकाळी ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "उद्या माझी कागदपत्रांची तपासणी आहे. पाचच्या आत. मूळ कागद घेऊन बोलावलंय."

बाबा फोनवर टेम्पोवाल्याशी भाड्यावरून वाद घालत होते. आई दुसऱ्या दिवशीच्या भाकऱ्यांसाठी तांदळाचं पीठ चाळत होती. मी जेवणाच्या ताटाशेजारी पत्रक लिहीत होते. आम्ही तिघांनीही माना डोलावल्या. बाबा फोनवर हात ठेवून म्हणाले, "कोणाची हरकत नाही." तपासणी कुठल्या कचेरीत, हे एकानंही विचारलं नाही.

जिल्ह्याची कचेरी तीच होती, जिच्यावर दुसऱ्या दिवशी आईच्या संघटनेच्या बायकांचा मोर्चा जाणार होता. ताईला ते माहीत होतं. पण बायकांनी समोरच्या मैदानात बसायचं ठरलं होतं, त्यामुळे तिला काळजीचं कारण दिसलं नाही. गेटचा विचार सभेत कोणी मांडलाच नव्हता.

गेट मी आणलं. पत्रक लिहून झालं, वाचून बघितलं, आणि मला ते मिळमिळीत वाटलं. दहा-पंधरा वर्षं शाळेत रांधणाऱ्या बाईकडे नेमणुकीचं साधं पत्र नाही, आणि आपण 'नम्र विनंती' लिहितोय? मी शेवटी एक ओळ वाढवली: 'साहेब बाहेर येऊन बोलत नाहीत तोवर या गेटातून आत कोणीही जाणार नाही.' आणि कोणाला न दाखवता छापखान्यात दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मैदानावरचं ऊन सोसवेना. साहेबांचा निरोप आला, ते मीटिंगमध्ये आहेत. तेव्हा मिरकरवाड्याकडच्या शाळेतल्या एका बाईनं माझं पत्रक मोठ्यानं वाचलं. शेवटची ओळ तिनं दोनदा वाचली. बायका उठल्या, सुकटीचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या उचलल्या आणि जाऊन गेटला पाठ लावून बसल्या. त्या घटकेला मला किती आनंद झाला ते सांगायला आता लाज वाटते. आपली ओळ माणसांना उठवते, याहून मोठं सुख मला तोवर माहीत नव्हतं.

साडेतीनला ताई रिक्षातून उतरली. तिनं इस्त्रीचा पंजाबी ड्रेस घातला होता आणि छातीशी प्लास्टिकची फाइल धरली होती. गेट बघून ती थांबली. गेटशेजारच्या आंब्याखाली तशाच फायली धरलेली पंधरा-वीस मुलंमुली आधीपासून उभी होती. घोषणा चालू असल्यामुळे त्यांच्यातलं कोणी पुढे येऊन विचारायला धजत नव्हतं. मीही त्यांना बघ्यांत जमा केलं होतं.

ताईची ही शेवटची भरती होती. पुढच्या वेळी ती वयात बसणार नव्हती. चार वर्षं खासगी दवाखान्यात रात्रपाळ्या करून तिनं आरोग्यसेविकेची परीक्षा दिली होती. पाचपर्यंत जो हजर नसेल त्याचं नाव कटणार आणि प्रतीक्षा यादीतला पुढचा येणार, असं मेसेजमध्ये स्वच्छ लिहिलं होतं. तो मेसेज मी तिथे, त्या उन्हात, पहिल्यांदा वाचला.

मी म्हटलं, "मागे कँटीनच्या बाजूला कुंपणाचा जांभ्या दगडाचा गडगा पडलाय. तिथून जा. मी फाइल धरते."

"गडग्यावरून?" ताई म्हणाली. "चार वर्षं अभ्यास करून मी गडग्यावरून आत जाऊ? आणि ही बाकीची? त्यांच्या फायली कोण धरणार?"

मी बाबांकडे धावले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चेहरा पडला, पण म्हणाले, "आपल्या पोरीसाठी गेट उघडलं तर उद्या या बायकांच्या तोंडाकडे कसं बघायचं?"

"बाबा, तिची नोकरी जाईल."

"कळतंय मला."

आई गेटच्या मधोमध बसली होती. तिनं ताईला कधीच पाहिलं होतं. ती घोषणा देत होती, पण नजर ताईवरून हलत नव्हती आणि आवाज खाली खाली येत होता. संघटनेची सचिव म्हणून ती काही बोलू शकत नव्हती आणि आई म्हणून बोलणं तिला मंजूर नव्हतं. सव्वाचार झाले होते.

मला तोवर वाटायचं की तत्त्व म्हणजे आपण न हलणं. पण इथे न हलण्याची किंमत मी देत नव्हते, ताई देत होती. तीही ज्या ठरावाला कोणी हात वर केला नव्हता त्याच्यासाठी.

मी माइक घेतला. म्हटलं, "गेटची ती ओळ सभेत ठरलेली नाही. मी माझ्या मनानं घातली. त्या झाडाखाली जी मुलं उभी आहेत ती नेमणुकीसाठी आली आहेत. पाचनंतर त्यांची नावं कटतील. त्यात माझी बहीणही आहे, हेही सांगते."

मग पुढे बसलेली एक म्हातारी स्वयंपाकीण, चष्म्याला दोरा बांधलेली, माझ्याकडे वळली.

"तुझ्या मनानं घातलंस?"

"हो, काकी."

"मग खोड की. पेन नाय काय तुझ्याजवळ?"

बायका हसल्या. काकी हात टेकत उठल्या आणि झाडाकडे बघून म्हणाल्या, "आमाला पत्र मिळालं नाय म्हणून या पोरांना पण मिळू नये काय गो? आपण बसलोय कशासाठी?" मग आईला दटावलं, "आणि तू काय तोंड शिवून बसलीस? आपली पोर उन्हात उभी हाय. सरक तिकडे."

"एकटीसाठी नाही," आई म्हणाली. "सगळ्यांसाठी उघडायचं असेल तर हात वर करा."

हात वर झाले. बाबांनी मोजले नाहीत. बायका दोन्ही बाजूंना सरकल्या आणि मधून माणूस जाईल एवढी वाट झाली. झाडाखालची मुलं आधी बिचकली, मग एकामागोमाग आत गेली. एका बाईनं एका मुलीची ओढणी नीट केली. ताई उशिरा आली होती म्हणून सर्वांत शेवटी गेली. चार पस्तीस.

पुढचा अर्धा तास कोणी घोषणा दिली नाही. मीटिंग संपवून साहेब खाली आले, निवेदन घेतलं, पुढच्या आठवड्यात बैठक लावतो म्हणाले. पत्रं काही त्या दिवशी मिळाली नाहीत. ते भांडण अजून चालू आहे. खरं सांगायचं तर साहेब बोलत असताना आमचं तिघांचंही लक्ष त्यांच्या खांद्यावरून मागच्या दाराकडे होतं.

पाच वाजून दहा मिनिटांनी ताई त्या दारातून बाहेर आली. तिनं शिक्का मारलेली पोच वर धरली. बायकांनीच टाळ्या वाजवल्या. बाबा कुंपणाच्या कट्ट्यावर बसले आणि अख्खी बाटली पाणी प्यायले. आईनं विचारलं, "जेवलीस?" ताई नाही म्हणाली, तर चारही बाजूंनी डबे पुढे आले.

दुसरी भाकरी खाताना ताई मला म्हणाली, "आता मी सरकारी नोकर. पुढचं पत्रक माझ्याविरुद्धच लिहिशील."

"लिहीन. आधी वाचायला देईन."

"बघू," ती म्हणाली आणि माझ्या ओढणीला हात पुसले.

घरी जाताना रिक्षात आम्ही चौघं कोंबून बसलो. बाबा ड्रायव्हरशेजारी अर्धे बाहेर. मारुती मंदिर यायच्या आत आई ताईच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड उघडं ठेवून, गाढ झोपली. माझी आई रिक्षात कधी झोपत नाही, ती फोन करत असते. बाबांनी मागे वळून पाहिलं आणि रिक्षावाल्याला हळूच म्हणाले, "दादा, घाई नाही. सावकाश चल."