मद्राशी हॉटेलातला डोसा

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. माझा मोठा भाऊ तिथे फिटर होता आणि त्याला सेक्टर सहामध्ये नवंकोरं क्वार्टर मिळालं होतं. एकट्या पोराच्या जेवणाचे हाल नकोत म्हणून आईने मला नागपूरकडून त्याच्याकडे धाडलं. मी पंधरा वर्षांची. भोंगा वाजायच्या आत दादाचा डबा भरायचा, त्याचे ग्रीसने माखलेले कपडे सोड्यात उकळायचे, ही माझी कामं. मी खूश होते. मार्केटात मद्राशी हॉटेल उघडणार असं कळलं तेव्हा तो आपणहून म्हणाला, "पयले तुलेच नेतो डोसा खायाले."

हॉटेल उघडलं, पण त्याआधी दादाचं लग्न झालं.

वहिनी आली आणि डबा ती भरायला लागली. दादा भाजीची तारीफ करायला लागला. तीच भाजी मी वर्षभर करत होते, तेव्हा हाच माणूस मुकाट्याने जेवून उठायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा. तोंडावर मात्र आपलं "वहिनी, वहिनी".

मग एका पगाराला त्याने वहिनीला हॉटेलात न्यायचं ठरवलं. नवी नवरी नवऱ्यासोबत एकटी बाजारात फिरली की शेजारच्या बायांना महिनाभर बोलायला पुरणार, म्हणून सोबतीला मी. जिथे मला आधी न्यायचं होतं, तिथे मी यांची राखण करायला चालले होते. रस्त्याने मी मुद्दाम दोघांच्या मधून चालले.

हॉटेलात बायाबापड्यांसाठी पडदा लावलेली फॅमिली केबिन होती. डोसे आले, ताटाबाहेर गेलेले, लालसर, कडेला कुरकुरीत. वहिनी हळूच म्हणाली, "हे त आपलं धिरडंच होय नं." दादा इतका हसला की पडद्यापलीकडची माणसं बोलायची थांबली. आता यात एवढं हसण्यासारखं काय होतं? मी म्हटलं असतं तर म्हणाला असता, गपचूप खा.

मी गपचूप खायला लागले. वहिनी मात्र हात मांडीवर ठेवून बसून राहिली. आमच्याकडे बाई नवऱ्याच्या आधी जेवत नसे, आणि त्याच्या समोर बसून तर नाहीच. घरी ती रोज दादाचं झाल्यावर माझ्यासोबत चुलीपाशी जेवायची.

"खा नं, थंडा होऊन राहिला," दादा म्हणाला.

"तुमी खा पयले."

"तू नाही खाशील त मी बी नाही खात."

बसा म्हटलं मग उपाशी. मनातून मला भारी बरं वाटलं. माझा डोसा गरमागरम, आतली बटाट्याची भाजी जिभेला चटका देणारी. मी सगळा संपवला, सांबाराची वाटीही चाटूनपुसून साफ केली, तरी हे दोघं आपले तसेच. त्यांचे डोसे पार मऊ पडून चिवट झाले होते. शेवटी दादाने आपल्या डोशाचा तुकडा मोडायला घेतला. तो तुटेना, ओढून तोडावा लागला. तो त्याने तिच्या ताटात ठेवला. तिने आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पदराआड तोंड करून तो खाल्ला. मग त्याने खाल्ला. तो वातड डोसा चावता चावता दोघांना हसू आवरेना.

चांगला डोसा माझ्याच पोटात गेला होता. तरी त्या वातड तुकड्यासाठी माझा जीव जळत होता, आणि तो मला कोणी देणार नव्हतं.

"दादा," मी म्हटलं, "मले आईकडे नेऊन दे."

"कावून? डोसा नाही आवडला का तुले?"

त्याने विचारलं मला, पण पाहत होता तिच्याकडे.