समोरची भिंत

आईबाबांच्या हातून हजारो भाजक्या विटा गेल्या. आमच्या खोपटाला एकही लागली नाही. पावसाळा आला की भट्टी बंद, खोपट मोडायचं आणि गावी जायचं. त्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मीच. नर्स होऊन बेलफास्टला आले आणि तिथे भिंतकाका भेटले.

ते खरे डॉक्टर, रिटायर झालेले. पण लाल विटांची जुनी इमारत दिसली, की पेशंटच्या कपाळावर ठेवावा तसा भिंतीवर तळवा ठेवायचे. तिथल्या मराठी मंडळींच्या गणपतीच्या जेवणात त्यांनी मला विचारलं, वडील काय करतात. मी सरळ सांगितलं, वीटभट्टीवर आहेत. बाकीचे ताटात बघायला लागले. काका म्हणाले, "भाजायला कोळसा की तूस?"

"दोन्ही."

तेव्हापासून रविवारी मला बोलावणं असायचं. व्हिक्टोरियन गिरण्या, चर्चं, कमानी दाखवत हिंडवायचे. विटांमधल्या दरजा कुणी सिमेंटने भरलेल्या दिसल्या की चिडायचे. "चुन्यातून वीट श्वास घेते. यांनी नाक दाबलंय तिचं."

त्यांच्या घरासमोर तसलीच एक शाळा होती. काकू तिथे शिकवायच्या. शाळा सुटायच्या वेळी काका कमानीखाली जाऊन उभे राहायचे. काकू गेल्या, पुढे शाळाही बंद पडली, तरी त्या वेळेला ते तिथेच. मग शाळा पाडून फ्लॅट बांधायचं निघालं.

कौन्सिलच्या मीटिंगला मी बरोबर गेले. काका छान बोलले. सगळ्यांनी ऐकून घेतलं, आभार मानले आणि ठरलेलंच ठरवलं. समोरची भिंत तेवढी ठेवू म्हणाले. मी खूश झाले. काका बसमध्ये म्हणाले, "चेहरा ठेवला आणि पेशंट काढून टाकला. याला वाचवणं म्हणतात का, सिस्टर?"



पाडलं तेव्हा आम्ही कुंपणाबाहेर उभे होतो. लोखंडी टेकूंवर एकटी भिंत, खिडक्यांतून आभाळ दिसत होतं. काकांनी जाळीतून हात घातला. पोहोचला नाही. मग मी घातला. माझाही नाही.

पुढे लेकीने त्यांना इंग्लंडात, वॉटफर्डला नेलं. फोनवर आधी तोच प्रश्न, "भिंत आहे का गं?"

"आहे, काका. हात लावून आले."

शेवटी शेवटी माझं नाव विसरायचे, प्रश्न नाही. तिच्या दरजा सिमेंटने भरल्यात, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

काका गेले. कमानीतून आता लोक लिफ्टकडे जातात. एवढं करून एक भिंत राहिली.