लसणातली, मेथीतला

मेथीवहिनीला मुलांचा जन्म विचारला की ती पिकाचं नाव सांगायची. "थोरली लसणातली. तिच्या पाठचा वांग्यातला. अन् हा कडेवरचा मेथीतला." अमडापुरात आमच्या ओट्यावर टोपली उतरवता उतरवता ती हे सांगे आणि तोंडाला पदर लावून खुदकन हसे. तिचं खरं नाव आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. गावाबाहेरच्या मळ्यातली ही सून, वय फार तर पंचवीस. भाजी अशी ताजी आणायची की आई दुसऱ्या कुणाकडे बघत नसे.

त्या काळी सरकारी जीप भोंगा लावून गावोगाव फिरायची. "पाळणा लांबवा, पाळणा लांबवा!" एक दिवस वहिनी आली ती तक्रार घेऊनच. "मावशी, सरकारचं आयकून मी पायन्याची दोरी लांबवली. पोरगं जमिनीले घासून राह्यलं. त्यानं काय होते?" आईला हसू आवरेना. मग डोळे पुसत तिने खरा अर्थ समजावून सांगितला. वहिनी हसली नाही. हातातली जुडी तशीच धरून म्हणाली, "म्हंजे थांबवता येते?"

तिला इतकं गंभीर झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मेथीतल्याच्या वेळी ती मरता मरता वाचली होती. पुढच्या खेपेला मला बोलावू नका, ही वाचायची नाही, असं सुईणीने घरच्यांना हात जोडून सांगितलं होतं.

नवऱ्याला तिने ऑपरेशनचं विचारून पाहिलं. "ते म्हनते, मले काय खच्ची करायचा बैल समजून राह्यली?" हे तिने नवऱ्याच्या आवाजात, मिशीवर हात फिरवून सांगितलं. नकला करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मग आईच तिला दवाखान्यात घेऊन गेली आणि गर्भ राहू नये म्हणून नर्सबाईने तिला लूप बसवला. "आता नवं पीक नाई," परतताना वहिनी म्हणाली आणि पुन्हा पदर तोंडाला लावला.

पण तिला अंगावरून जाऊ लागलं ते थांबेना. नर्सबाई म्हणाली, थोडी कळ काढ, होईल ठीक. नोकरदाराच्या बायकोला कळ काढता आली असती. मळ्यात कुठून काढणार? विटाळातली बाई वाफ्यात शिरली की भाजी पिवळी पडते, अशी तिथली पक्की समजूत. वहिनी गोठ्याच्या कडेला बाहेर बसून राहिली आणि मेथी उपटायला घरात दुसरे हात नव्हते. सासू काही दुष्ट नव्हती. एकटीने राबून तिची कंबर मोडली, तेव्हा तीच सुनेला दवाखान्यात घेऊन गेली आणि लूप काढून आणला.

आई भयंकर चिडली. "अगं, जीव मोठा की भाजी?"

वहिनी जुड्या मांडत म्हणाली, "जीव कोनाले दिसते, मावशी? पिवळी भाजी साऱ्याइले दिसते." त्या उत्तराचा मला आजही राग येतो.

भेंडीच्या दिवसांत बाळंतपणात ती गेली. मूल जगलं. टोपली आता थोरली आणू लागली, डोक्यावर भाजी आणि कडेवर ते बाळ. आईने बाळाची चौकशी केली तर पोरगी म्हणाली, "हा भेंडीतला," आणि तोंडाला हात लावून हसली. आई आत निघून गेली. त्या दिवशी भाजी घ्यायला मला बाहेर यावं लागलं.

थोरलीचं लग्नही वयात येताच उरकलं, शेजारच्या गावच्या मळ्यात. दोन लेकरं झाल्यावर माहेरी आली तेव्हा ती पार खंगली होती. आईने तिचा हात धरला. "चल माझ्याबरोबर नर्सबाईकडे. कुणाचं काही ऐकू नकोस."

तिने हात सोडवून घेतला, हळूच, आईचा मान राखून.

"हाव आजी. पन वाफ्यात जा लागते ना."