दाजींनी न बसवलेलं सॉकेट

बंद पडलेल्या वस्तूंसाठी हळहळणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण चांगल्या चालणाऱ्या यंत्राकडं बघून "बिचाऱ्याच्या डोक्यात जागा कमी हाय" म्हणत गहिवरणारा माणूस आमचे दाजी सोडून मी दुसरा पाहिलेला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या आक्काचे यजमान. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि कंग्राळीतल्या घराची माडी त्यांनी साउंड मॉड्यूल नावाच्या लोखंडी डब्यांना देऊन टाकली. हा डबा दिसायला जुन्या व्हीसीआरसारखा. त्याला बोटांनी वाजवायच्या पट्ट्या नाहीत. कीबोर्ड जोडायचा, मग डब्याच्या पोटातून व्हायोलिन, बासरी, काय हवं ते वाजतं. तीसेक वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी हे डबे मोठ्या हौसेनं घेतले होते. त्यात जास्तीचे आवाज भरायला मेमरीचा वेगळा बोर्ड मिळायचा, तो करायचं कंपनीनं कधीच सोडून दिलं. कंपनीनं सोडलं म्हणून दाजींनी धरलं. कॉम्प्युटरवर बोर्डाचा नकाशा आखायचा, त्याची कोरी पाटी बाहेरून छापून आणायची, भिंग लावून तिच्यावर चिपा बसवायच्या आणि त्या चिपांत आपल्याकडचे आवाज भरायचे, हा त्यांचा उद्योग.

हे आवाज मिळवण्यासाठी त्यांनी जे काही केलं, त्यामुळं नात्यागोत्यातली माणसं त्यांना कार्याला बोलावताना दोनदा विचार करू लागली. माझ्या चुलत भावाच्या लग्नात अक्षता हातात घेऊन सगळे ताटकळलेले, भटजी घड्याळ बघतायत, आणि दाजी सनईवाल्यापुढं माईक धरून समजावतायत, "गाणं नको, एकेक सूर सुटा द्या. सुटा." तोही कलावंत माणूस. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी इतकं कान देऊन ऐकतंय म्हटल्यावर तो सगळं सप्तक सुटं करत बसला. मुहूर्त टळला तो टळलाच. नंदगडच्या हलगीवाल्याला तर त्यांनी भर उन्हात शेताच्या मधोमध उभं केलं, कारण भिंतीचा घुमारा नको होता. ती हलगी बोर्डात भरल्यावर तिचं नाव डब्याच्या चिमुकल्या पडद्यावर बसवायचं होतं आणि तिथं मावतात मोजकी रोमन अक्षरं. दाजींनी नंदगड आणि हलगी दोघांनाही कात्री लावून 'नंदहल्ग' असं बारसं केलं. मराठी वादकांना तो शब्द कानडी वाटतो, कानडी वादकांना मराठी, आणि दोघंही न समजता आदरानं तोच आवाज वाजवतात. सीमाभागात इतकं एकमत मी दुसऱ्या कशावर बघितलेलं नाही.

अख्ख्या बोर्डात जागा किती, तर मोबाइलमधल्या चार फोटोंना लागेल एवढी. त्यामुळं प्रत्येक आवाजाचं शेपूट छाटावं लागतं, आणि ही छाटायची सवय दाजींच्या बोलण्यातही उतरली. आक्का सध्या बेंगळूरला लेकीकडं असते, नातू सांभाळायला. सहा महिन्यांसाठी म्हणून गेली होती, ते सहा महिने अजून संपलेले नाहीत. दाजी एकदा तिकडं गेले, आणि बसमधून उतरल्यावर त्यांनी तिला मेसेज पाठवला, "पो". म्हणजे पोचलो. पुढची अक्षरं येतील म्हणून आक्का घरात वाट बघत बसली आणि दाजी बसथांब्यावर. पुढं त्यांनी तिथल्या इमारतीचा इंटरकॉम सुधारायला म्हणून उघडला. त्या दिवशी वॉचमननं कुठल्याही मजल्यावर फोन लावला तरी तो दाजींचा मान राखून त्यांच्याच लेकीकडं वाजत होता. थोड्याच दिवसांत दाजी एकटे परत आले. का आलात विचारलं तर म्हणाले, "तितं कोण येतच न्हाई." आक्का मला फोनवर म्हणाली, "ह्यास्नी माणसं लागत्यात रं. बोलायला न्हवं, नुसती बसायला."

आणि कंग्राळीत माणसं येत होती. निपाणी, संकेश्वर, खानापूर, कुठनं कुठनं यायची. बोर्डातले आवाज बदलायचे झाले की डबा काखेत मारून दाजींची माडी चढावी लागे, कारण ते बदलायचं यंत्र त्यांच्याचकडं. यंत्राचं काम होईतो चहा, मग पोहे, मग पाहुण्याच्या घरची सगळी कर्मकथा. दाजी फक्त "व्हय, व्हय" करत आणि चेहरा असा खुलत असे की ऑर्केस्ट्रा त्यांच्याच घरी उतरलाय. एकदा सहज मी त्यांच्या भिंगातून बोर्ड न्याहाळत होतो, तर एका कडेला बारीक भोकांची रांग रिकामी दिसली.

"दाजी, हितं काय बसवायचं ऱ्हायलंय?"

"यूएसबीचं सॉकेट."

"त्यानं काय होतंय?"

"लॅपटॉप जोडून ज्यानं त्यानं आपल्या घरात बसून आवाज बदलायचं."

"मग बसवा की. लोकांची पायपीट वाचंल."

दाजींनी भिंग धोतराच्या सोग्यानं पुसलं. "पायपीट वाचली तर येतील कशाला, पावणं?"

मी हसलो. ते हसले नाहीत. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मला फार वाईट वाटलं.

पुढं ऑर्केस्ट्रे मोडले, कुणी लॅपटॉपवरच वाजवू लागलं, आणि माडीवर येणारं एकच माणूस उरलं, निपाणीचा एक कीबोर्डवाला. त्याला सगळे मास्तर म्हणतात. गेल्या दिवाळीआधी मी गेलो तर तो डबा मांडीवर घेऊन बसला होता, ओशाळलेला.

"गोव्यात हाटेलात कायमचं काम मिळालंय, दाजी. बायको-पोरं घिऊन चाललोय. तितं रोज नवं आवाज लागणार, दर बारीला हितवर कसं येऊ? ह्यो डबा इकून नवा कीबोर्ड घ्यावा म्हणतोय." मग म्हणाला, "पर त्यात ही हलगी न्हाई मिळायची."

डबा विकला तरी मास्तर जाणार होता आणि सॉकेट बसवलं तरी जाणारच होता. फरक एवढाच की सॉकेट बसवलं तर त्याला दाजींची गरज कधीच लागणार नव्हती. ते माझ्या लक्षात आलं, तसं दाजींच्याही आलं असणार. ते उठले, कपाटातून एक पुडी काढली, डबा उघडला आणि सोल्डरिंगची सळई तापवायला ठेवली. "लई नाजूक काम हाय," ते म्हणाले, "बसा जरा." वास्तविक चहा निवायच्या आत होणारं काम. दाजींनी त्याला सबंध दुपार लावली. एक डाग दिला की भिंगातून बघायचं, मग मास्तरला बघायला लावायचं, मग पोहे मागवायचे. मास्तरही बसून राहिला. त्यालाही कळलं असावं. संध्याकाळी त्यानं दाजींच्या पायावर डोकं ठेवलं आणि डबा घेऊन गेला.

परवा मी गेलो तेव्हा दाजी त्याच्याशी फोनवर बोलत होते. आवाज फाटतोय का, डबा तापतोय का, सॉकेट हलतंय का, असं एकेक विचारत होते. पलीकडून मास्तर दर वेळी सांगत होता, "न्हाई दाजी, झ्याक चाललंय." शेवटी विचारण्यासारखं काही उरलं नाही आणि दाजींनी फोन ठेवला.

"कायबी बिघाड न्हाई म्हणायलाय," कुणाच्या तरी आजारपणाची बातमी द्यावी तशा आवाजात ते म्हणाले.

"चांगलंच झालं की."

"व्हय. चांगलंच झालं." समोरच्या रिकाम्या खुर्चीवरची धूळ त्यांनी हातानं झटकली, मला बसायची खूण केली, आणि जरा चाचरत विचारलं, "पावणं, तुमच्या घरात असला एखादा डबा न्हाई का?"

आमच्या घरात साधी बाजाची पेटीसुद्धा कधी नव्हती. आरतीत मी नुसत्या टाळ्या वाजवतो, त्याही मागाहून.

"माळ्यावर बघतो, दाजी," मी म्हणालो. "असंल एखादा."