भिंतीवरची अंजिरं

सुट्टीत चळवळ नको, असं बजावून मैत्रिणीने मला या इवल्या ग्रीक बेटावर आणलं. घरमालकीण आजी रोज दुपारी समुद्राकडच्या भिंतीवर चार अंजिरं ठेवते. आज मी एक उचललं, तर ती ओरडली, "ठेव पोरी, त्याची आहेत ती!"

ती लहान असताना राजकीय कैद्यांना या बेटावर डांबायचे. त्यांच्याशी बोलायला बंदी होती. एकासाठी ती गुपचूप अंजिरं ठेवायची. शिपायाने दटावलं, तशी थांबली. नंतर तो कैदी दिसलाच नाही.

"नाव काय त्याचं?" मी विचारलं.

"विचारलं असतं, तर हाक मारावीशी वाटली असती."

'गप्प बसणारेही गुन्हेगार असतात,' असं मी किती पत्रकांवर छापलंय. अंजीर जागेवर ठेवून मी समुद्रात उतरले. एवढ्या पाण्यातही बोटांना लागलेला अंजिराचा चीक सुटला नाही.