काशीरामचा कान

घाटकोपरच्या असल्फ्यात टेकडीवरच्या चाळीत राहणारा काशीराम परब बहिरा आहे, असं शेजाऱ्यांचं पक्कं मत होतं. ते अगदीच खोटं नव्हतं. बावीस वर्षं गिरणीच्या साचेखात्यात, तीनशे साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात काढल्यावर माणसाला दूधवाल्याची हाक ऐकू येत नाही, यात नवल ते काय! पण त्याच खडखडाटात आपल्या दोन साच्यांपैकी एखाद्याचा धोटा जरासा अडखळला, तरी त्याला पाठमोरं उभं असताना कळायचं. आधी साचा थांबवायचा, मग काय बिघडलंय ते बघायचं. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, नव्या कामगारांना सांगायचा, "परबाच्या हातून दोषी कापड खाली उतरत नाही." काशीरामने स्वतःबद्दल ऐकलेलं एवढंच एक चांगलं वाक्य. ते त्याने जपून ठेवलं होतं.

मग संप झाला. त्याला चौदा महिने उलटले तेव्हा काशीरामही आतून बंद पडला होता. मध्यंतरी देवगडला त्याची आई गेली. हा गावी गेला, दिवस केले, परत आला, डोळ्यांतून टिपूस नाही. बायको, सुगंधा, रोज काही ना काही निमित्त काढून विचारायची, "तुमका कसा वाटता?" त्याचं उत्तर ठरलेलं. "माका काय्येक वाटणा नाय गो." किती वाजले ते सांगावं तसं तो हे सांगायचा. त्याने आरडाओरडा करावा, एखादं ताट भिरकावावं, पण काहीतरी करावं, असं तिला फार वाटायचं. त्या थंडपणाचीच तिला भीती बसली होती.

शेजारचा भीमराज अंधेरीच्या एका कॉलेजात शिपाई होता. त्या कॉलेजच्या हॉलमध्ये आठ देशांची टेबल टेनिस स्पर्धा भरली आणि पदकं देताना झेंडे चढवायला माणूस हवा होता. सुगंधाने भीमराजच्या मागे लागून काशीरामला तिथे धाडलं.

"हे बघ काशा," भीमराजने समजावलं, "तीन दोऱ्या. मधला झेंडा गोल्डवाल्याचा, सगळ्यांत वर. बाजूचे दोन खाली. उलटसुलट केलंस तर माझी वाट लागेल, काय?"

काशीरामने मान हलवली. चार दिवस झेंड्यांच्या खांबाशी स्टुलावर बसायचं, एवढंच त्याला समजलं होतं. पहिल्या दिवशी आठही टेबलांवर एकदम खेळ सुरू झाला आणि त्याने मान वर केली. आठ साचे चालल्यासारखं वाटलं त्याला. त्याने डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने तो भीमराजला म्हणाला, "चार नंबरचा चेंडू गेला."

"कुठे गेला?"

"फुटला."

भीमराज हसणार, तोच चार नंबरवरच्या खेळाडूने चेंडू कानाशी धरून हलवला आणि पंचाकडून दुसरा मागून घेतला. खेळता खेळता चेंडू फुटला तर तो गुण धरत नाहीत, पुन्हा खेळतात, हे भीमराजने त्याला मोठ्या कौतुकाने सांगितलं. काशीरामला कौतुकबिवतुक काही वाटलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मुलींची फायनल. एकीकडे मुलुंडची मृणालिनी आणि दुसरीकडे थायलंडची एक बारकीशी मुलगी. हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. पाचवा, शेवटचा गेम, वीस-एकोणीस, मृणालिनी एका गुणाने पुढे; आणखी एक गुण मिळाला की जिंकली. लोकांनी असा काही गिल्ला केला की पंचाचे ओठ नुसते हलताना दिसत होते. चेंडू पाच-सहा वेळा इकडून तिकडे गेला. आणि त्या गिल्ल्यातून काशीरामला तो आवाज आला. कोरडा, पोकळ. चेंडू फुटला होता.

त्याचा उजवा हात आपोआप उचलला गेला, साचा थांबवायला जायचा तसाच. मग त्याला वाटलं, आपल्याला काय करायचंय? आणि हात खाली आला.

पुढच्याच फटक्याला थायलंडच्या मुलीच्या बॅटवरून तो चेंडू मेल्यासारखा निघाला आणि जाळीत पडला. हॉल उसळला. मृणालिनीला लोकांनी खांद्यावर घेतलं. ती दुसरी मुलगी मात्र आपली बॅट उलटीसुलटी करून बघत राहिली, चूक तिथे कुठेतरी असावी अशी. चेंडू घरंगळत काशीरामच्या पायाशी आला. त्याने उचलून दाबला. केसाएवढी चीर उघडली आणि मिटली.

पदकांचा चौथरा मांडायला दहा-पंधरा मिनिटं गेली. पंच हातभरावर उभा राहून चहा पीत होता. झेंडेवाल्याचं त्याने ऐकलं असतं की हाकलून दिलं असतं, कोण जाणे. काशीरामने चेंडू खिशात टाकला. राष्ट्रगीत लागलं तेव्हा त्याने दोऱ्या ओढल्या. आपला तिरंगा मध्ये, सगळ्यांत वर, थायलंडचा त्याच्या खाली. काही चुकलं नाही. भोवतालची माणसं डोळे पुसत होती. दुसऱ्या पायरीवरची मुलगी गळ्यात रुपेरी पदक घालून मान वर करून आपला झेंडा बघत होती, आणि त्या झेंड्याची दोरी काशीरामच्या हातात होती.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा सुगंधा दारातच उभी होती.

"जिंकली ना आपली मुलुंडची? रेडिओवर सांगल्यानी. कसा वाटला तुमका?"

खिशातला चेंडू काढून त्याने तिच्या तळहातावर ठेवला आणि दाबायची खूण केली. तिने दाबला. तिला काही उमगलं नाही.

"माका आयकाक इला," तो म्हणाला. "सगळ्यांच्या आधी. साचो थांबवूक होयो हुतो. मी थांबवलंय नाय." मग मोठ्याने, बहिऱ्या माणसाच्या आवाजात, "दोषी कापड उतारला गो माझ्या हातसून!"

शेजारची कमल खिडकीतून डोकावली. सुगंधाने दार लोटलं. काशीराम भिंतीला टेकून बसला होता आणि रडत होता. ती त्याच्याजवळ बसली. तिला त्याची दया आली आणि, खरं सांगायचं तर, बरंही वाटलं.

बऱ्याच वेळाने त्याने सदऱ्याच्या बाहीला डोळे पुसले.

"सकाळी पेपर हाड गो," तो म्हणाला. "त्या हरलेल्या पोरीचा नाव काय, ता माका बघूचा आसा."